नोटीस निघालीय

नरहरराव एका शब्दात हो म्हणाले, तिथंच सरोजिनीच्या मनात पाल चुकचुकली.

चौतीस वर्षांच्या संसारात या माणसानं असं चटकन हो म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. पडद्याचा रंग बदलायचा तर आठ दिवस. चहाची पावडर बदलायची तर भांडण. आणि नवरा-बायकोनं जोडीनं समुपदेशनाला जायचं, परक्या पोरीसमोर बसून घरातलं सगळं काढायचं, हे लेकीनं फोनवर सुचवलं तर हे म्हणाले, "चालेल. वार कोणता?" फोन स्पीकरवर होता. मेथी निवडता निवडता सरोजिनीचा हात थांबला. हा माणूस कशाच्या तरी मागावर आहे असं तिला वाटलं, आणि पुढचे दोन महिने ती त्या वासावरच राहिली.

कारण लपवण्यासारखं तिच्यापाशीही काही होतं. तिची धाकटी बहीण जाफराबादला असते. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, घराची वरची खोली मोकळी. दिवाळी झाली की तिकडं जायचं आणि परत यायचं नाही, असं सरोजिनीनं श्रावणात ठरवलं होतं. भांडण नाही, कोर्ट नाही, लोकांना काही सांगणं नाही. दिवाणाखालच्या जुन्या बॅगेत ती एकेक साडी नेऊन ठेवत होती. भीती एकच, आधी त्यांना कळायला नको. कळलं तर ते रडतील किंवा हाताला धरतील असं नव्हे. ते कागद काढतील. त्यांच्या कागदापुढं ती कायम हरली होती.

नरहरराव भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. मंठा, अंबड, मग जालना, आणि तिथूनच चार वर्षांपूर्वी निवृत्त. कुठलंही शेत मोजायचं तर ज्यांचा बांध त्याला लागतो त्या सगळ्यांना पंधरा दिवस आधी नोटीस जाते. ज्यानं त्यानं हजर राहून आपली हद्द आपण दाखवायची असते. एकदा नोटीस निघाली की नरहरराव तारीख हलवत नसत. आमदाराचा फोन आला तरी नाही, अंगात ताप असला तरी नाही. खात्यात त्यांचं नाव होतं ते यावरच. मंठ्याला असताना या नोटिसांच्या नकला सरोजिनीच करून द्यायची. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि दुपारी तिला दुसरा उद्योगही नव्हता. शेकड्यांनी लिहिल्या असतील. मजकूर तिला अजून तोंडपाठ आहे.

चिन्मयीच्या वेळी पहाटे कळा सुरू झाल्या, तेव्हा नरहररावांनी पायात बूट घातले होते. "अकरा जणांना नोटीस निघालीय," एवढं म्हणून, शेजारच्या बाईला हाक मारून, मोजणीची साखळी आणि नकाशा काढायचा फलक घेऊन ते गेले. दिवस मावळताना परतले तेव्हा मुलगी पाच तासांची झाली होती. त्यांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं, मग वजन विचारलं आणि वहीत लिहून ठेवलं. सरोजिनीला त्या दिवसाची कळ आठवत नाही, 'नोटीस निघालीय' हे दोन शब्द आठवतात. तिच्या वडिलांच्या तेराव्याला सगळे डोळे पुसत होते तर हे तिच्या कानाशी येऊन म्हणाले की मांडवाचे खांब काटकोनात नाहीत. कुकरची शिट्टी झाली की हा माणूस कानात बोटं घालून परसात जायचा, मग ताटावर कोण पाहुणा बसलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसे. लोक हसायचे. तीही आधी हसायची.

चिन्मयी पुण्यात असते. गेल्या वर्षी, तेहतिसाव्या वर्षी, तिला स्वतःला डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. तेव्हापासून ती आणि जावई मुकुल महिन्यातून दोनदा जोडीनं समुपदेशनाला जातात. एकमेकांशी बोलायचं कसं हे आम्ही आत्ता शिकून राह्यलोत, असं ती सांगायची. एक दिवस म्हणाली, "आई, मला जे आहे ते बाबांकडून आलंय. त्यांना एकदा दाखव." मग घाईनं म्हणाली, "म्हणजे दोघं जा." ती मधली घाई सरोजिनीच्या ध्यानात राहिली. लेक बापाच्या बाजूची आहे हे तिला जुनंच माहीत होतं.

जालन्याच्या जुन्या मोंढ्यात शिवनारायणजींचं बियाण्यांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या धाकट्या सुनेनं, रुचीनं, खोली थाटली होती. नवरा-बायकोत एकाचा किंवा दोघांचा मेंदू वेगळ्या धाटणीचा असेल तर त्यांनी एकत्र कसं राहायचं, यात तिचा अभ्यास. पाटी मुद्दाम लहान होती. तिथं जायला दुकानातूनच जिना. सरोजिनीनं भांडीवाल्या सगुणाबाईला सांगून ठेवलं होतं की दर गुरुवारी आम्ही गुडघ्याच्या व्यायामाला जातो. तिसऱ्या गुरुवारी गल्ल्यावरून शिवनारायणजी म्हणाले, "या वहिनी, गुडघा कसाय आता?" सरोजिनी जिन्यात क्षणभर उभी राहिली. गुडघ्याचं तिनं एकट्या सगुणाबाईला सांगितलं होतं. त्या दिवसापासून ती मुद्दाम एक पाय ओढत जिना चढू लागली.

रुची तिशीची होती, समोर डायरी, हातात साधं पेन. टेबलावर दूध जास्त असलेला चहा. सरोजिनी तो पीत नसे. ती पोर काय लिहिते, कुणासाठी लिहिते, ती डायरी कोणत्या कपाटात राहते, याच्याकडंच तिचं लक्ष असायचं. नरहरराव मात्र विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते, तेही सरळ. काकूंचा चेहरा उतरलेला तुम्हाला कळतो का, असं रुचीनं विचारलं तर ते विचार करून म्हणाले, "उतरला म्हणजे कसा होतो? सांगितलं तर कळतं." सरोजिनीला ते धादांत खोटं वाटलं. बांध चार बोटं सरकला तर ज्याला शंभर पावलांवरून दिसतं, त्याला बायकोचा चेहरा दिसत नाही?

फॉर्म भरून झाले, चिन्मयीशी फोनवर बोलणं झालं, आणि चौथ्या गुरुवारी रुचीनं तो शब्द उच्चारला. काकांनाही ऑटिझमच असावा, पक्कं सांगायला मोठ्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागेल, पण हा रोग नव्हे, मेंदूची घडणच तशी असते, असं ती बराच वेळ समजावत होती. सूचक बोललेलं, डोळ्यांनी सांगितलेलं, आपलं आपण ओळखायचं असलेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. नरहरराव ऐकून घेत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक हलकेपणा आला होता, निकाल बाजूनं लागल्यासारखा. आणि तेच सरोजिनीला सहन झालं नाही. म्हणजे यासाठी हो म्हटलं होतं. आता जाफराबादला गेली की गाव काय म्हणणार? मेंदूच तसा असलेल्या गरीब माणसाला टाकून गेली. आजवर तिच्यापाशी राग तरी होता. आता हा शब्द तोही काढून घेणार.

"मंग बरंच झालं," ती म्हणाली. "चौतीस वर्षं जे झालं ते कुणी केलंच न्हाई. ते आपोआप झालं."

रुचीनं पेन खाली ठेवलं. "काकू, कारण सांगणं अलग आणि माफ करणं अलग. माफ करा असं मी बोलले का?"

सरोजिनीनं मनाशी नोंद केली की पोरगी वाटते त्याहून हुशार आहे, जपून राहायला पाहिजे.

पुढच्या वेळी रुचीनं दोघांना एक काम दिलं. आपल्याला काय हवं ते एकानं स्पष्ट शब्दांत सांगायचं, आडून नाही. दुसऱ्यानं त्यावर त्याला जमेल तशी सोय काढायची, त्याच्या पद्धतीनं, वेळ घेऊन. सुरुवात काकूंनी करावी. सरोजिनीला काहीच सांगायचं नव्हतं. निघून जाणाऱ्या माणसानं मागणं कशाला मागायचं? पण नरहरराव गुडघ्यावर हात ठेवून वाट पाहत बसले होते, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "त्या घरात माझी अशी जागा न्हाई."

रुचीनं विचारलं, काका, कळलं का? नरहररावांनी मान हलवली. "कळलं. पंधरा दिवस लागतील."

पंधरा दिवस कशाला, हे रुचीलाही समजलं नाही. दिवाळी उलटून गेली होती. शनिवारी निघायचं तिनं जवळजवळ नक्की केलं होतं, ते तिनं थांबवलं. काय शिजतंय हे पाहिल्याशिवाय जाण्यात अर्थ नव्हता.

त्या आठवड्यात त्यांनी जेवताना विचारलं की आधारकार्डावर तुझं नाव 'सरोजिनी नरहर'च आहे ना. दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी बसून लिहीत होते आणि ती जवळून गेली तर कागदावर हात आडवा ठेवला. मग खाकी पाकीट घेऊन बाहेर पडले आणि तासाभरानं रिकाम्या हातानं आले. आणि मग म्हणाले, "मंगळवारी अकरा ते दोन घरातच राह्यचं. कुठं जाऊ नको." हे सगळं तिनं बहिणीला गच्चीवरून फोन करून सांगितलं. त्यांना कळलंय, ती म्हणाली. मी जायच्या आत ते वकिलाकडून काहीतरी काढणार. त्या पोरीचा शब्द आता त्यांच्या हातात आहे, तोच कागदावर लावतील. बहीण म्हणाली, तशीच उठ आणि ये. पण सरोजिनीचा पाय निघेना.

मंगळवारी बाराच्या सुमाराला पोस्टमन आला. रजिस्टर पाकीट होतं, पोचपावतीचं कार्ड चिकटवलेलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. "काकू, पाठवणाराचा पत्ता बी ह्योच अन् घेणाराचा बी ह्योच. मंग मला कशाला चक्कर मारायला लावली?" तिनं सही केली. छापल्यासारखं अक्षर वाकडं आलं. आत नरहरराव पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सगुणाबाई भांडी विसळता विसळता पाकिटाकडं पाहत म्हणाली, "माझ्या भाचीला असंच रजिस्टरनं आल्तं. मंग दोन वर्षं तारखा करत गेल्ती बिचारी." सरोजिनीनं तिला लवकर घरी पाठवलं आणि ओट्याशी उभं राहून पाकीट फोडलं.

ते वकिलाचं नव्हतं. नरहररावांच्या हातचं होतं. ठोकळेबाज, खात्याच्या वळणाचं.

'विषय : राहत्या घरातील जागेची मोजणी. सदर घरात आपणांस स्वतःची जागा नसल्याबाबत आपण तोंडी तक्रार केली आहे. त्यावरून येत्या सव्वीस तारखेस, बुधवारी सकाळी अकरा वाजता मोजणी ठेवण्यात आली आहे. तरी आपण समक्ष हजर राहून आपली जागा आपण स्वतः दाखवावी.'

ती वाचत गेली. चौतीस वर्षांत या माणसानं तिला 'आपण' म्हटलेलं हे पहिलंच, तेही पोस्टाच्या खर्चानं. हसू येता येता ती शेवटच्या ओळीपाशी आली आणि थांबली. ती ओळ तिला पाठ होती. मंठ्यात शेकडो वेळा लिहिलेली. 'आपण गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून मोजणी पूर्ण करण्यात येईल.' कुठल्याही नोटिशीत हे वाक्य कधी चुकलं नव्हतं. इथं ते नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, 'आपण गैरहजर राहिल्यास मोजणी होणार नाही.'

नियमाचा एक काना न बदलणाऱ्या माणसानं आख्खी ओळ बदलली होती. सरोजिनीनं पाकीट डब्यामागं ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. यात डाव कुठं आहे? एकदा तुकडा मोजून दिला की बाकीचं घर कायमचं त्यांचं, असं असेल. किंवा ती हजर राहिली, सही केली, म्हणजे नांदते आहे असा पुरावा. ती शोधत राहिली आणि तिला सापडत नव्हतं, याचाच तिला जास्त संशय येत होता.

गुरुवारी तिनं तो कागद रुचीपुढं टाकला. रुचीनं दोनदा वाचला, पाणी प्यायली. "काका, हे तुम्ही तोंडी पण बोलू शकत होते."

"तोंडी सांगितलेलं हिला खरं वाटत न्हाई," नरहरराव म्हणाले. "मला पण न्हाई."

सव्वीस तारखेला सकाळी दहालाच दारात जीप थांबली. वडीगोद्रीचे काकासाहेब आले होते, नरहररावांचे जुने स्नेही. हायवेकडची त्यांची दोन एकर, भावकीत वाद, समोरच्यानं आज माणसं जमवली आहेत. निवृत्तीनंतर नरहरराव अशा कामांना खाजगी सल्लागार म्हणून जात, आणि काकासाहेबांना त्यांनी कधी परत पाठवलं नव्हतं. सरोजिनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. आता कळेल, तिनं मनाशी म्हटलं. तिला जवळजवळ बरं वाटलं. ते बूट घालतील आणि आपल्याला दुपारची बस मिळेल.

"आज जमत न्हाई," बाहेर नरहरराव म्हणाले.

काकासाहेबांनी बराच वेळ घातला. मैत्री काढली, वडिलांच्या वेळचे संबंध काढले, नुसतं येऊन उभं राहा म्हणाले. असं घरी काय अडलंय, असं शेवटी त्यांनी विचारलं.

"नोटीस निघालीय."

"कुणाला?"

"हिला."

काकासाहेबांची जीप गेली त्याचा आवाज सरोजिनीनं ऐकला नाही. ती तिथंच दाराची कड धरून उभी होती. तेच दोन शब्द. तिला रडू आलं नाही, उलट जुना राग भसकन वर आला. हे तेव्हाही जमलं असतं, मंठ्यात. नोटीस पाठवायला पाहिजे होती मी, कळा यायच्या पंधरा दिवस आधी.

बरोबर अकराला नरहरराव टेप घेऊन उभे राहिले. डोक्यावर जुनी कामावरची टोपी. "दाखवा," ते म्हणाले.

तिनं ठरवलं होतं की ते देणारच नाहीत अशी जागा दाखवायची, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. ती सरळ पूर्वेच्या खोलीत गेली. खिडकी असलेली ही एकच बरी खोली, आणि तिच्यात त्यांचे नकाशे, साखळ्या, फलक, चाळीस वर्षांच्या वह्या. तिथल्या वस्तूला कुणी बोट लावलेलं त्यांना चालत नसे. "ही," ती म्हणाली. "सगळी. यातलं तुमचं काही नको."

नरहररावांचे ओठ हलले. त्यांनी एकदा कपाटाकडं पाहिलं, बोटं एकमेकांवर घासली. मग खाली बसून त्यांनी भिंतीला टेप लावला. तिला टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं. दहा फूट चार इंच, बारा फूट. वहीत आकृती काढली, खिडकी दाखवली, दार दाखवलं. सामान कुठं नेणार, तिनं विचारलं. जिन्याखाली, ते म्हणाले, मोजून पाह्यलंय, बसतं. म्हणजे त्यांना आधीच वाटलं होतं की ती हीच मागेल? तिनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं.

मग तिनं ते बोलून टाकलं. लपवून लपवून ती थकली होती. "मला जाफराबादला जायचंय. परत येईन का ते माहीत न्हाई."

"हो," नरहरराव म्हणाले. "कपाटात नऊ साड्या कमी आहेत. श्रावणापासून."

टेपचं टोक तिच्या हातातून सुटलं आणि खर्रकन डबीत गेलं. आवाजानं ते दचकले. म्हणजे तिचा संशय खरा होता. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं.

"मंग इतके दिवस बोलला का न्हाईत?"

त्यांनी वहीकडं पाहत उत्तर दिलं, आणि तुकड्या-तुकड्यानं दिलं. "तू सांगितलं नव्हतंस. विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर पुढं काय म्हणायचं, ते मला माहीत नव्हतं. चिन्मयी म्हणाली तिथं शिकवतात. म्हणून चालेल म्हटलं."

सरोजिनी खिडकीच्या कट्ट्यावर बसली. ही आता तिची खिडकी होती, निदान वहीत. यातलं किती खरं धरायचं, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. चौतीस वर्षांची सवय अशी टेपसारखी डबीत जात नाही. पण ती खोटं शोधत होती आणि शोधून सापडत नव्हतं, एवढं मात्र या खेपेला तिला स्वच्छ दिसलं.

नरहररावांनी वही पुढं केली. आकृतीखाली दोन शब्द लिहिलेले होते, मान्य आणि अमान्य, आणि सहीसाठी रेघ. तिनं पेन घेतलं. दोन्हीवर काट मारली आणि खाली आपल्या जुन्या, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'मुदत मिळावी.'

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने. तिकडं राहून सांगते."

"मंग पुढच्या तारखेची नोटीस तिकडं पाठवावी लागेल." त्यांनी जाफराबादचा पत्ता लिहायला घेतला. बहिणीचं नाव, गल्ली, शाळेमागचं घर, पिन कोड. एकदाही विचारावं लागलं नाही.

ती पाहत होती. बॅग आणायला उठताना दारात थांबून ती म्हणाली, "शेवटची ओळ जुनी घालू नका."

त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.